आधी कागद शोध

सातारा

चि. मुक्ता,


फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांच्या वकिलांकडे तुझी उन्हाळी इंटर्नशिप ठरली, हे दादाने फोनवर सांगितलं. "असल्या लोकांसाठी कशाला राबायचं?" असंही विचारलं. हा प्रश्न तुला लग्नकार्यातही ऐकावा लागेल. वाद घालत बसू नकोस. फाशी असावी की नसावी, हे ठरवायला तुला तिथे घेतलेलं नाही. एका माणसाचं आयुष्य कागदोपत्री उभं करायचं, हे तुझं काम.

फाशी दुर्मिळातल्या दुर्मीळ प्रकरणातच द्यावी आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहावा, असं सर्वोच्च न्यायालयाने बच्चनसिंग खटल्यात 1980 मध्येच सांगितलं. सेशन्स कोर्टात मात्र मी वेगळंच पाहत आले. सकाळी दोषी ठरवायचं आणि दुपारी शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकायचं. आरोपीचा वकील उठतो, "आरोपी तरुण आहे, बायकापोरं आहेत, आईवडील म्हातारे आहेत, दया दाखवावी," म्हणतो आणि बसतो. आरोपी कुठे वाढला, शाळा का सुटली, डोक्याला कधी मार लागला होता का, यातलं काहीच रेकॉर्डवर येत नाही. ही माहिती खटल्याच्या टप्प्यावरच कोर्टापुढे यावी, असं सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या मनोज निकालाने बजावलं आहे. पण ती आपोआप येत नाही, त्यासाठी पायपीट करावी लागते.

पुण्यात 1994 मध्ये एका घरातल्या पाच बायका आणि दोन मुलांचा खून झाला. त्यातल्या एका आरोपीची फाशी सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये कायम केली. पुढे बिकानेर जिल्ह्यातल्या शाळेच्या रजिस्टरमध्ये त्याची जन्मतारीख मिळाली. गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता! रजिस्टरमधलं नाव आणि खटल्यातलं नाव वेगळं, त्यामुळे तो हाच मुलगा हेही सिद्ध करावं लागलं. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं, तोवर त्याची तुरुंगात 28 वर्षं गेली होती. एवढ्या लहान मुलाला फाशी देता येत नाही, हे 1994 च्या कायद्यातही होतं. वय सांगणारा कागद तेवढा वेळेवर पुढे आला नाही.

असे कागद सहसा हाताशी नसतात. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या 2016 च्या अहवालानुसार फाशीच्या कैद्यांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बळ होते. त्या अहवालासाठी मुलाखती घेत हिंडणाऱ्यांत तुझ्यासारखे विद्यार्थीही होते. तेव्हा शाळेचं जनरल रजिस्टर, सरकारी दवाखान्यातले केसपेपर, ऊसतोडीला गेलेलं घर असेल तर मुकादमाची वही, जे मिळेल ते शोध. कैद्याच्या आईला त्याच्या जन्माचं साल विचारलंस तर सांगता येणार नाही. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी तो चालत होता का, असं विचार. पहिल्या भेटीत "सगळं चांगलं होतं" हेच उत्तर मिळेल. मार, दारू, उपासमार या गोष्टी चारचौघांत कुणी बोलत नाही. त्यामुळे पुन्हा जा, आणि शेजारी उठून गेल्यावर बोल. तिने सांगितलेलं तिच्याच शब्दांत लिही. पक्षकाराच्या विरोधात जाणारी गोष्ट कळली तरी लिही. ती कोर्टापुढे ठेवायची की नाही, ते वरिष्ठ ठरवतील.

खटल्याच्या कागदपत्रांचं पेपरबुक वाचताना शवविच्छेदनाची पानं उलटून पुढे जाऊ नकोस. मेलेल्यांची नावं तुला माहीत असली पाहिजेत, आणि त्यांच्याबद्दल हलका शब्द निघता कामा नये. त्यांच्या घरी आपल्या मनाने जायचं नाही. कैद्याच्या आईला "सुटेल" असा शब्द देऊ नकोस. कळलेलं काहीही मैत्रिणीला सांगायचं नाही, आणि तुरुंगाच्या फाटकासमोरचे फोटो तर मुळीच टाकायचे नाहीत.

तू परत येशील तेव्हा निकाल लागलेला नसेल. हायकोर्टात शिक्षा कायम होणं, मग अपील, पुनर्विचार, दयेचा अर्ज, यांत वर्षं जातात आणि तोवर फाइल चारजणांच्या हातांतून फिरते. म्हणून प्रत्येक टिपणावर तारीख, गाव, कोण बोललं, दुभाषी कोण होता आणि मूळ कागद कुणाकडे आहे, एवढं न चुकता लिही. तुझ्यानंतर येणाऱ्याला त्या घरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये.

तुझी,
आत्या