स्पर्धा परीक्षेतील इंग्रजी व्याकरण : मराठीच्या वाटेने

शासकीय सेवेत प्रवेश करू इच्छिणाऱ्या ग्रामीण भागातील तरुणांची संख्या मोठी आहे. इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था या विषयांत हे उमेदवार कोणाहून कमी नसतात. परंतु इंग्रजीचा प्रश्न समोर आला की त्यांचा आत्मविश्वास डळमळतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या गट-ब व गट-क संवर्गांच्या मुख्य परीक्षांत मराठीबरोबर इंग्रजीवरही प्रश्न असतात. केंद्रीय कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांत तर इंग्रजीचा स्वतंत्र विभाग असतो. एकेका गुणाने निवड हुकते अशा स्पर्धेत हा विषय सोडून चालत नाही.

राज्यात सन २००० पासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविले जात आहे. तरीही मराठी माध्यमातील उमेदवारांच्या चुका बहुधा त्याच त्या ठिकाणी होतात. याचे कारण अज्ञान नव्हे, तर सवय हे आहे. उमेदवार मनात मराठी वाक्य रचतो आणि मराठीचा नियम नकळत इंग्रजीला लावतो. प्रश्नपत्रिकेतील चुकीचे पर्याय नेमके याच जागी मोहात पाडतात. म्हणून दोन्ही भाषांतील भेद जाणून घेतला, तर नियमांचे ओझे पुष्कळ हलके होते.

कर्ता आणि क्रियापद

‘रामाने आंबा खाल्ला’ आणि ‘रामाने पोळी खाल्ली’ या वाक्यांत कर्ता एकच आहे, तरी क्रियापद बदलले. मराठीच्या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. इंग्रजीत मात्र ते नेहमी कर्त्याप्रमाणेच चालते. हा भेद पक्का झाला की पुढची खबरदारी एवढीच, की खरा कर्ता ओळखावा. ‘द लिस्ट ऑफ कॅन्डिडेट्स’ या शब्दसमूहात कर्ता ‘लिस्ट’ आहे, ‘कॅन्डिडेट्स’ नव्हे. म्हणून पुढे ‘इज’ येईल. ‘वन ऑफ द बॉईज’ याचा कर्ता ‘वन’ आहे. ‘द सरपंच, अलाँग विथ द मेंबर्स’ असे असले तरी क्रियापद एकवचनी ‘वॉज’ हेच येते, कारण ‘अलाँग विथ’ने जोडलेले सदस्य कर्त्यात मोजले जात नाहीत. ‘आयदर – ऑर’ आणि ‘नीदर – नॉर’ या जोड्यांत मात्र क्रियापद जवळच्या नामाप्रमाणे चालते. वाक्य लांब असल्यास कर्ता व क्रियापद यांमधील शब्द बोटाने झाकून वाचावेत. चूक असल्यास ती बहुधा त्याच क्षणी दिसते.

उपपदे : देवनागरीचा लाभ

मराठीत उपपदे नाहीत, त्यामुळे ती गाळण्याची सवय असते. मोजता येणारे एकवचनी सामान्यनाम इंग्रजीत सहसा एकटे उभे राहत नाही, हे ध्यानात ठेवावे. ‘अ’ की ‘अ‍ॅन’ या प्रश्नाचे उत्तर अक्षरावर नव्हे, तर उच्चारावर ठरते. येथे मराठी विद्यार्थ्याला एक सोय आहे. तो शब्द देवनागरीत लिहून पाहावा. ‘अवर’ (तास) हा शब्द स्वराने सुरू होतो, म्हणून ‘अ‍ॅन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द ‘य’ या व्यंजनाने सुरू होतो, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. याच न्यायाने ‘अ‍ॅन एम. ए.’ आणि ‘अ वन-रुपी नोट’ ही रूपे बरोबर ठरतात.

काळ आणि अट

‘मी त्याला काल पाहिले आहे’ हे मराठीत खपून जाते. इंग्रजीत ‘यस्टर्डे’, ‘लास्ट इयर’, ‘इन १९९०’ असा संपलेल्या काळाचा निर्देश असेल, तर ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ येत नाही. साधा भूतकाळ येतो.

‘पासून’ हा शब्द तर विशेष फसवा आहे. ‘१९९५ पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ असे दोन्ही आपण म्हणतो. इंग्रजीत आरंभबिंदू सांगताना ‘सिन्स’ व कालावधी सांगताना ‘फॉर’ वापरतात. ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ या वाक्यात एक नव्हे, दोन चुका आहेत. शुद्ध वाक्य असे : ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.’

अटीच्या वाक्यात भविष्यातील गोष्ट असली तरी ‘इफ’च्या भागात ‘विल’ येत नाही. ‘पाऊस पडला तर पेरणी करू’ याचे इंग्रजी ‘इफ इट रेन्स, वुई विल सो’ असे होते. मराठीतही येथे ‘पडला’ हे रूप भविष्यासाठीच आले आहे, हे दाखविल्यास विद्यार्थ्यांना नियम चटकन पटतो.

शब्दयोगी अव्ययांची फसगत

‘विषयी चर्चा करणे’ या सवयीने ‘डिस्कस अबाउट’ लिहिले जाते. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ नको. ‘कोणावर रागावणे’ यातील ‘वर’ मनात असल्याने ‘अँग्री ऑन’ म्हटले जाते. शुद्ध रूप ‘अँग्री विथ’. ‘पेक्षा’ म्हणजे ‘दॅन’ हे समीकरण ‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’ व ‘प्रिफर’ यांना लागू पडत नाही. तेथे ‘टू’ येते. अशा जोड्यांना सर्वसाधारण नियम नाही. त्या वहीत टिपून वारंवार वाचणे हाच उपाय होय.

वेळ आणि गुण यांचे गणित

नियम माहीत असणे पुरेसे नाही. परीक्षेची रीतही माहीत हवी. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात १०० प्रश्नांसाठी ६० मिनिटे असतात. म्हणजे एका प्रश्नास सरासरी ३६ सेकंद मिळतात. इंग्रजीचे प्रश्न २५. बरोबर उत्तरास २ गुण मिळतात व चुकीच्या उत्तरास अर्धा गुण वजा होतो. दोन पर्याय निश्चित चुकीचे असल्याचे ओळखता आले आणि उरलेल्या दोहोंतून एक निवडला, तर अशा दोन प्रश्नांत सरासरी दीड गुण पदरात पडतो. चारही पर्याय अनोळखी असताना केलेल्या अंदाजातून चार प्रश्नांमागे सरासरी अर्धाच गुण मिळतो. जेथे एकतृतीयांश गुण वजा होतात, तेथे तोही मिळत नाही. तेव्हा पर्याय वगळण्याचा सराव हीच खरी तयारी.

वाक्यातील चूक शोधताना क्रम ठरवून घ्यावा : प्रथम कर्ता व क्रियापद, मग काळ, मग उपपद, शेवटी शब्दयोगी. या चारही कसोट्यांवर वाक्य उतरले, तर ‘चूक नाही’ हा पर्याय निवडण्यास कचरू नये. उताऱ्यावरील प्रश्न आधी वाचून मग उतारा वाचल्यास वेळ वाचतो.

गावपातळीवर काय करता येईल?

या तयारीसाठी शहरातील महागडे वर्ग अपरिहार्य नाहीत. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या मागील प्रश्नपत्रिका व उत्तरतालिका आयोगाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असतात. ग्रामपंचायतीने त्यांच्या छापील प्रती वाचनालयात ठेवाव्यात. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे राज्यात ग्रंथालयांची परंपरा रुजली आहे. तेथे एक इंग्रजी दैनिक व एक चांगला शब्दकोश असणे कठीण नाही. शिक्षकांनी आठवड्यातून एक तास द्यावा. प्रत्येक उमेदवाराने चुकांची वही ठेवावी आणि प्रत्येक चुकीपुढे ती मराठीच्या कोणत्या सवयीने झाली, हे लिहावे. मराठी व्याकरणाचे मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये सिद्ध केलेल्या ग्रंथासारखे भक्कम अधिष्ठान आपल्यापाशी आहे. ज्याला आपल्या भाषेतील प्रयोग कळतो, त्याला परक्या भाषेतील नियम कळण्यास वेळ लागत नाही.

मराठी माध्यमात शिकणे ही उणीव नाही. त्या शिक्षणाचा डोळसपणे उपयोग करून घेतला, तर इंग्रजीची प्रश्नपत्रिका गावातील तरुणाच्या वाटेतील अडसर ठरणार नाही. गावोगावच्या शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी त्या दृष्टीने या कामी पुढाकार घेणे अगत्याचे आहे.