मुलांची खुळे आणि घरातले सण

छंद, नाद, वेड आणि खूळ हे चार शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी सहज वापरतो. तरी त्यांत फरक आहे. छंद माणूस सवडीने जोपासतो, नाद लागला की सवड काढावी लागते, आणि खूळ डोक्यात शिरले की सवडीचा प्रश्नच उरत नाही. तीन ते आठ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत आपल्या घराघरांतून ऐकू येतो तो हा शेवटचा शब्द. “याच्या डोक्यात काय खूळ शिरलंय कोण जाणे,” असे आमची आई धाकट्या नातवाकडे बघून गेली चार वर्षे म्हणत आली आहे, आणि दर सहा-आठ महिन्यांनी ते खूळ बदललेले असते. या खुळांचा आणि घरात साजऱ्या होणाऱ्या सणांचा काय संबंध आहे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे. आम्ही बालमानसशास्त्राचे जाणकार नाही. बँकेत कारकुनी करणारे कला शाखेचे पदवीधर आहोत. जे लिहितो ते काही वाचून आणि बरेचसे घरात चुका करून.

आधी वाचलेले सांगतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ज्युडी डिलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली लहान मुलांच्या अशा तीव्र आवडींवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की जवळजवळ एक तृतीयांश मुलांना कशाचे तरी जबरदस्त वेड लागलेले असते, ते फार लहानपणीच दिसू लागते आणि मुलींपेक्षा मुलग्यांत त्याचे प्रमाण बरेच जास्त असते. गाड्या, आगगाड्या, विमाने, डायनासोर हे ठरलेले विषय. त्याआधी १९८३ साली मिशेलिन ची आणि रँडी कोएस्के यांनी साडेचार वर्षांच्या एकाच मुलाचा अभ्यास केला होता. त्याला डायनासोरांचे वेड होते. ज्या डायनासोरांविषयी त्याला पुष्कळ माहिती होती, त्यांची माहिती त्याच्या मनात नुसती साठलेली नव्हती, तर एकमेकींशी जोडलेली होती, आणि म्हणून ती अधिक चांगली लक्षात राहत होती. म्हणजे आपण ज्याला खूळ म्हणतो, त्यात मूल माहिती गोळा करणे, तिची वर्गवारी करणे, तुलना करणे ही अभ्यासाची सगळी कामे करीत असते. फक्त विषय आपल्या पसंतीचा नसतो, एवढेच.

(मूल हाक मारली तरी बघत नसेल, बोलणे उशिरा येत असेल आणि त्याबरोबर एकाच वस्तूत गुंतून राहत असेल, तर ती गोष्ट वेगळी. तेथे शेजाऱ्यांचे ऐकत न बसता डॉक्टरांना दाखवावे.)

आता आमच्या घराकडे वळू.

धाकट्याचे पहिले खूळ आगगाडीचे. आमची इमारत रुळांच्या बाजूला असल्याने ते अपरिहार्यच होते. तीन वर्षांचा असताना तो आवाजावरून लोकल कोणती आणि लांब पल्ल्याची गाडी कोणती हे सांगत असे. २०२२ साली विजयादशमीला आम्ही सहकुटुंब नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो. मनात हेतू असा की मोठ्या मुलीने आणि याने ते स्थान पाहावे, आपले आजोबा-पणजोबा कोठे उभे राहिले होते ते त्यांना कळावे. सेवाग्राम एक्सप्रेसचे आरक्षण मिळाले. कसाऱ्याला गाडी थांबली तेव्हा मागून जोडली जाणारी इंजिने त्याला दाखवली. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटाचा चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे जाताना एक फूट वर. पुढचे इंजिन एकटे पुरत नाही, म्हणून मागून इंजिने लावून गाडी ढकलतात. या मागच्या इंजिनांना रेल्वेच्या भाषेत ‘बँकर’ म्हणतात. हे कळल्यावर चिरंजीव आमच्याकडे बघतच राहिले, कारण पप्पाही बँकेत आणि मागचे इंजिनही बँकर! पुढे कितीतरी महिने आमचे काम काय असे कोणी विचारले, तर तो “मागून ढकलतात” असे सांगे. आमच्या साहेबांच्या कानावर हे गेले नाही हे बरे.

दीक्षाभूमीवर मात्र आमचा हिरमोड झाला. लाखोंची गर्दी, रांगा, पुस्तकांचे स्टॉल, आणि हा फरशीवर पालथा पडून फरश्यांच्या सांध्यांवरून खेळण्यातले इंजिन चालवतो आहे. नातेवाईक हसले. आम्ही रागावलो, हातातले इंजिन काढून पिशवीत टाकले. एवढा खर्च करून, रजा घालवून आणले, आणि याला त्याचे काहीच नाही, असे वाटले. पुढे दोन वर्षांनी, इंजिनांचे खूळ केव्हाच संपल्यावर, जेवताना त्याने अचानक विचारले, “तो गोल घुमट आतून रिकामा होता ना?” होता. सांचीचा स्तूप भरीव आहे, २००१ साली उद्घाटन झालेला दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे. पालथे पडून त्याने मध्येच वर पाहिले असणार. आम्हीच ते पाहिले नव्हते.

त्यापुढची गोष्ट सांगताना थोडा संकोच वाटतो, पण ती टाळली तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात इमारतीच्या आवारात सार्वजनिक गणपती बसला. दहा दिवस ताशा, आरत्या, दिव्यांच्या माळा. आमचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा. त्याला गणपतीचे खूळ लागले. ताट आणि चमचा घेऊन तो सकाळ-संध्याकाळ बडवू लागला, आणि एके दिवशी त्याने कणकेचा एक गणपती करून टीव्हीशेजारी मांडला. आमच्या घरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या आहेत, आणि तिसरी प्रतिज्ञा काय आहे हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. आईच्या चेहऱ्याकडे आम्ही पाहिले, आणि तिने काही बोलण्याआधीच तो कणकेचा गोळा उचलून गॅलरीतल्या कुंडीत टाकला. “आपल्याकडे हे नसतं,” एवढेच म्हणालो. तो रडला नाही. ताट वाजवणे मात्र थांबले, आणि आमच्याशी बोलणेही दोन-तीन दिवस जवळजवळ थांबले.

नंतर एकदा आंघोळीला इतका वेळ का लागतो म्हणून आई बघायला गेली. तो बादलीत साबणाची वडी धरून सावकाश बुडवीत होता, बाहेर काढीत होता, किती झिजली ते बघत होता. आई आम्हाला येऊन म्हणाली, “अरं, त्याला देव नकोय. त्याला बुडिवणं हवंय.”

पुस्तके वाचून आम्हाला जे कळले नव्हते ते तिला दारात उभे राहून कळले. मूल ज्या वस्तूला धरून बसलेले दिसते, तीच त्याची ओढ असते असे नाही. त्याला हवा होता तो आकार पाण्यात विरघळून नाहीसा होण्याचा चमत्कार. आम्ही शाडूची माती आणून दिली. तो हत्ती, आगगाडी, पप्पांचा चष्मा असे काहीबाही करी, वाळवी आणि बादलीत सोडी. शाडू काही तासांत विरते. प्लास्टर ऑफ पॅरिसचा एक तुकडा कोठून तरी मिळाला होता, तो दिवसेंदिवस तसाच राहिला. त्याचे कारण विचारून त्याने सगळ्या घराला हैराण केले.

संस्थेतील काही ज्येष्ठ बंधूंना आम्ही हे सांगितले तेव्हा एकांनी स्पष्ट विचारले, “ही पळवाट नव्हे काय? मुलाला सरळ सांगितलं पाहिजे.” त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, आणि आम्ही सांगितलेही, पण गोळा कुंडीत टाकताना नव्हे तर नंतर. आईने सांगितले. तिच्या लहानपणी गावातल्या देवळाच्या पायरीवरसुद्धा आपल्या माणसांना उभे राहू देत नसत, म्हणून आपण तो रस्ताच सोडला, असे तिने दोन वाक्यांत सांगितले. त्याने “का?” म्हणून विचारले. ती म्हणाली, “ते मलाही कळलं नाही बघ.” तेवढ्यावर तो पुन्हा मातीकडे वळला. आजही विसर्जनाची मिरवणूक तो गॅलरीतून पाहतो, शेजारच्या मुलांबरोबर ताशाच्या ठेक्यावर नाचतोही. आम्ही त्याला आत ओढीत नाही. यावर आमच्या घरात एकमत आहे असे मात्र म्हणता येणार नाही.

या प्रसंगावरून आणखी एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती आपणा सर्वांच्या विचारासाठी मांडतो. आपण मुलांना काय करायचे नाही ते सांगतो, पण आपल्या सणांत त्यांच्या हातांना काम काय देतो? वंदनेच्या वेळी गप्प बसावे, भाषणाच्या वेळी गप्प बसावे, मग खीर खावी, एवढेच. शेजारी मात्र माती असते, वाद्ये असतात, पाणी असते. बुद्धचरित्रातच वप्पमंगलाचा, म्हणजे पेरणीच्या सणाचा प्रसंग आहे. त्या दिवशी शाक्य लोक नांगर धरीत, आणि पाली अट्ठकथेप्रमाणे सगळी मोठी माणसे सणात दंग असताना बाल सिद्धार्थ जांभळीच्या सावलीत बसून श्वासावर एकाग्र झाला होता. सण मातीतला होता आणि मुलाच्या एकाग्रतेलाही त्यात जागा होती. राहुल लहान असताना त्याला खोटे बोलण्याविषयी शिकवायचे होते, तेव्हा तथागतांनी भांड्यात थोडे पाणी उरवून तेच समोर धरले. पाणी टाकून दिले, भांडे पालथे घातले, आणि त्यातून धडा दिला. मुलाशी बोलताना हाताशी वस्तू असावी, हे अडीच हजार वर्षांपूर्वीचे अध्यापनशास्त्र आहे. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनीही मुलाच्या हातांना काम देण्यावरच भर दिला होता.

पाचव्या वर्षी ध्वजांचे खूळ आले. जगातले ध्वज वहीत काढता काढता तो पंचशील ध्वजाकडे आला. हा ध्वज १८८५ साली कोलंबोत तयार झाला, कर्नल ऑल्कॉट यांनी त्याच्या आकारात सुधारणा सुचवली आणि १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेने तो स्वीकारला. निळा, पिवळा, लाल, पांढरा, नारिंगी असे उभे पट्टे, आणि सहावा पट्टा याच पाच रंगांचा मिळून. २०२४ च्या बुद्धपौर्णिमेला एका सभागृहात वंदना चालू असताना हा मोठ्याने म्हणाला, “निळा काठीकडे पाहिजे!” ध्वज उलट्या बाजूने लावला गेला होता. आम्ही त्याचे तोंड दाबले, पण वंदना संपल्यावर एक कार्यकर्ते हसत उठले आणि ध्वज सरळ केला. त्या दिवसापासून ध्वज लावताना त्याला बोलावतात. त्याच्या दृष्टीने बुद्धपौर्णिमा तेथून सुरू झाली.

सध्याचे खूळ कॅलेंडरचे. भिंतीवरचे कालनिर्णय त्याने जवळजवळ पाठ केले आहे. त्याचा पहिला आक्षेप असा की १४ एप्रिल दरवर्षी १४ एप्रिललाच येतो, मग बुद्धपौर्णिमा का हलते? दुसरा आक्षेप अधिक अवघड. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी विजयादशमी होती. म्हणून कोणी धम्मचक्र प्रवर्तन दिन १४ ऑक्टोबरला पाळतात, तर दीक्षाभूमीवरचा मोठा सोहळा अशोक विजयादशमीच्या तिथीला होतो. “एका गोष्टीचे दोन वाढदिवस कसे?” आम्ही जुनी कॅलेंडरे काढली. विजयादशमी २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला, २०२४ मध्ये १२ ला, २०२५ मध्ये २ ला. मागे मागे सरकते आहे हे त्याने स्वतःच पाहिले. मग सांगितले की चंद्राचे वर्ष ३५४ दिवसांचे, सूर्याचे ३६५ चे. दरवर्षी ११ दिवसांचा फरक साचतो आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना घालून तो मिटवतात. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्यामुळे विजयादशमी २० ऑक्टोबरवर जाते. (हिशेबातला फरक असा साचू देऊन मग एकदम मिटवणे आमच्या बँकेत चालत नाही, पण पंचांगाला चालते.) जपानने १८७३ साली नवे कॅलेंडर घेतले, म्हणून तेथे बुद्धजन्म ८ एप्रिलला साजरा करतात, हे ऐकून त्याला फार समाधान वाटले. निदान कोणीतरी तारीख पक्की केली, असे त्याचे मत.

विद्यार्थी वाचकांना एक सुचवावेसे वाटते. घरात धाकटे भावंड असेल तर त्याच्या खुळांची एक वही ठेवा. केव्हा सुरू झाले, काय विचारले, केव्हा संपले, एवढेच. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या पहिल्या बाळाच्या अशाच नोंदी ठेवल्या होत्या आणि तब्बल ३७ वर्षांनी, १८७७ साली, त्यांवरून निबंध लिहिला. आमची मुलगी सातवीत आहे. तिने अशी वही सुरू केली आहे. या लेखातील पुष्कळ गोष्टी तिच्या वहीतून घेतल्या आहेत, कारण आम्हाला त्या अन्यथा आठवल्या नसत्या.

कॅलेंडरात घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस लिहून झाल्यावर धाकट्याने आजीला तिचा विचारला. शाळेच्या दाखल्यावर तिची जन्मतारीख १ जून आहे, तिच्या पिढीतील निम्म्या गावाची असते तशी. ती म्हणाली, “खरी तारीख कुणाला ठाऊक? बाप नागपूरला दीक्षेला गेला तेव्हा मी चालायला लागले होते म्हणत. आणि आई सांगायची, ज्वारी काढायला आली होती, चांदणं होतं.” आई सोलापूरकडची. तिकडे रब्बीची ज्वारी माघ-फाल्गुनात काढणीला येते. धाकट्याने कॅलेंडर खाली घेतले, पाने उलटली, महिने मोजले, आणि माघ पौर्णिमेभोवती लाल पेनाने गोल काढून आत ‘आजी’ असे लिहिले. गेल्या माघ पौर्णिमेला घरात खीर झाली. ध्वज त्याने सकाळीच लावला होता, निळा काठीकडे.