आष्ट्याहून बोटिंगला: भाडे किती, सुरक्षा किती

सुट्टी लागली की आष्ट्यातून बोटिंगला जाणाऱ्या कुटुंबांची पावले दोनच ठिकाणी वळतात. एक महाबळेश्वरचा वेण्णा तलाव, दुसरा कोयना धरणाचा शिवसागर जलाशय, म्हणजे तापोळा, बामणोली, मुनावळे. पेठ नाक्यावरून सातारा आणि पुढे कासमार्गे बामणोली गाठायची तर जाऊन-येऊन पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर होतात. लिटरला पंधरा किलोमीटर चालणाऱ्या गाडीला वीसेक लिटर पेट्रोल, म्हणजे दोन हजारांच्या वर खर्च इथेच झाला. एवढा खर्च करून पोचलेला माणूस धक्क्यावर शे-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो आणि गच्च भरलेल्या होडीत बसतो. ही बचत करू नये, एवढेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

वेण्णा तलावावर होडीचा प्रकार आणि वेळ यावर तिकीट ठरते. शिवसागरावर मोटारबोटीचे भाडे बहुधा अख्ख्या बोटीचे असते आणि किती ठिकाणे दाखवणार, किती वेळ थांबणार यावर ते बदलते. त्यामुळे पैसे देण्याआधीच विचारून घ्या: भाडे माणशी की बोटीचे? बोट किती जणांची? थांबण्याचे वेगळे पैसे आहेत का? वासोटा किल्ल्यावर जाणार असाल तर वन विभागाचे प्रवेश शुल्क बोटभाड्यात धरलेले नसते. पावती मागा, आणि तिच्यावर बोटीचा क्रमांक लिहून घ्या.

माणशी दर स्वस्त वाटतो, पण मग बोट भरेपर्यंत माणसे चढत राहतात. आपण दहा जण असू आणि बोट आठांची असेल, तर दोन बोटी करा. जास्त माणसे भरलेली बोट काय करते, हे सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. 8 ऑगस्ट 2019 रोजी महापुरात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि बायकामुलांसह गावकरी बुडाले. उजनी धरणाच्या जलाशयात 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. पहिली घटना पुरातली, दुसरी नेहमीच्या प्रवासातली. पर्यटनाची एकही नाही. तरी धडा पर्यटकांनाही लागू आहे: बोटीत गर्दी नको आणि वाऱ्यात फेरी नको. वारा बहुधा दुपारनंतर वाढतो, म्हणून सकाळची फेरी घ्या.

आता वेग. गर्दीच्या तलावात सर्वांत कमी बोलले जाते ते याच गोष्टीबद्दल. बोटीला ब्रेक नसतो. ताशी 40 किलोमीटरने धावणारी बोट सेकंदाला 11 मीटर कापते. समोर तीस मीटरवर पायडलची होडी असेल तर चालकाच्या हातात तीन सेकंदही उरत नाहीत. ताशी 10 किलोमीटरला तेच अंतर जवळजवळ अकरा सेकंदांचे होते. शिवाय वेगवान बोटीमागे उठणारी लाट शेजारच्या लहान होडीला हलवून सोडते. इंग्लंडमधल्या विंडरमिअर या गजबजलेल्या सरोवरावर 2005 पासून ताशी 10 सागरी मैलांची, म्हणजे सुमारे 18 किलोमीटरची मर्यादा आहे. आपल्याकडे धक्क्यावर वेगाची पाटी नसेल तर चालकाला आपणच सांगावे: काठाजवळ, होड्यांच्या गर्दीत आणि पोहणाऱ्यांच्या आसपास सावकाश. पैसे आपण मोजतो, तेव्हा असे सांगण्यात संकोच कसला? पोरांच्या आग्रहाखातर ‘जोरात घ्या’ म्हणणारे वडीलधारेच असतात, हेही मान्य करायला हवे.

लाइफ जॅकेट भाड्यात मिळते, पण मापाचे मिळेलच असे नाही. लहान मुलांसाठी स्वतःचे घ्यावे, हे माझे स्पष्ट मत आहे. बाजारात साधारण सातशे-आठशेपासून दीड-दोन हजारांपर्यंत मिळते आणि जपून वापरले तर काही वर्षे टिकते. घेताना वजनाचा आकडा पाहा आणि मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा आहे ना, याची खात्री करा. बंद लावून झाल्यावर खांद्याकडून वर ओढून बघा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकले तर ते मोठे आहे. मांडीवर ठेवलेले जॅकेट उपयोगाचे नाही; बोट उलटल्यावर ते घालायला वेळ मिळत नाही.

2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यांत्रिक बोटीला नोंदणी आणि तपासणीचे प्रमाणपत्र लागते. ते आणि विम्याची कागदपत्रे पाहायला मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर दुसरी बोट बघा. स्वतःचा विमाही हवा: प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला 20 रुपये आहे, 18 ते 70 वयाच्या बँक खातेदाराला तो भरता येतो आणि अपघाती मृत्यूला 2 लाखांचे संरक्षण मिळते. आष्ट्यातल्या आपल्या बँकेत एकदा विचारून या.

अडचण आली तर 112 वर फोन करा. पैसे घेऊन जॅकेट दिले नाही, ठरल्यापेक्षा जास्त माणसे भरली, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पुढे जायचे झाले तर घटना साताऱ्यात घडली तरी तुम्ही राहता त्या सांगली जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा करता येतो, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्याला कोणतेही शुल्क लागत नाही.