जुन्या गाडीची पाणीगळती : रोज पाणी ओतू नका, गळती शोधा



गाळप हंगाम चालू झाला की आपल्या भागातल्या जुन्या ट्रॅक्टर, जीप आणि ट्रकांना विसावा नसतो. यातल्या बऱ्याच गाड्यांत सीटमागे पाण्याचा एक कॅन कायम ठेवलेला असतो. "थोडं पाणी खाते, बाकी इंजिन टकाटक आहे," असे मालक कौतुकाने सांगतात. आमचे म्हणणे एवढेच की, इंजिन पाणी खात नाही. ते पाणी बंदिस्त फिरत असते. रोज कमी होत असेल तर ते बाहेर गळते, नाहीतर आत इंजिनात उतरते. तिसरी वाट नाही.

पाण्याचे काम काय?

इंधन जळून जी उष्णता होते तिचा साधारण तिसरा हिस्सा हे पाणी बाहेर काढते. पंप ते इंजिनात फिरवतो आणि रेडिएटरमध्ये ते निवते. रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण नव्हे. त्यातील स्प्रिंग पाण्यावर दाब ठेवते आणि त्या दाबामुळे पाणी उशिरा उकळते. ७ पौंडाचे झाकण असेल तर पाणी १०० ऐवजी सुमारे ११० अंशाला उकळते. झाकणाचे रबर गेले की दाब राहत नाही आणि पाणी वाफ होऊन निघून जाते. अशा वेळी गळती दिसत नाही, पाणी मात्र कमी होते.

एक खुलासा. जादा पाण्याची बाटली नसलेल्या जुन्या गाडीत काठोकाठ पाणी भरले तर गरम झाल्यावर थोडे बाहेर पडणारच. ती गळती नव्हे.

गळती कशी शोधावी?

रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी इंजिन थंड असताना डाग कुठे पडला ते पहा आणि त्याच्या वरच्या बाजूने शोध घ्या. वाळलेल्या गळतीच्या जागी पांढरट, हिरवट किंवा तांबूस खपली दिसते. तपासणी या क्रमाने करावी :

१) होज पाईप : वरचा व खालचा दोन्ही दाबून पहा. कडक, तडकलेला किंवा लिबलिबीत झालेला पाईप बदला. पुष्कळदा नुसती क्लिप सैल असते.

२) रेडिएटर : टाकीचा सांधा व जाळी पहा. गळकी जागा रेडिएटरवाल्याकडून झाळून घ्या.

३) वॉटर पंप : पंपाच्या अंगाला खाली एक बारीक छिद्र असते. तिथून पाणी ठिबकू लागले म्हणजे आतले सील गेले. ते छिद्र बुजवू नका, पंप दुरुस्त करा.

४) डमी : इंजिनच्या अंगात ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या वाट्या. जुन्या इंजिनात त्या आतून गंजतात.

यात काही सापडले नाही, तर गॅरेजमध्ये हातपंपाने दाब देऊन तपासणी करून घ्या. दाबाचा काटा खाली येऊ लागला की गळती आहे, हे नक्की.

आतली गळती

बाहेर थेंब नाही आणि पाणी तर कमी होते, तेव्हा हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. ऑइलची पट्टी काढून पहा. ऑइल ताकासारखे दिसत असेल, पातळी वाढली असेल, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल किंवा रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, तर गाडी चालू करू नका. पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंग खाते.

वाटेत गाडी तापली तर

इंजिन बंद करा आणि गाडी बाजूला घ्या. काट्यावर रांग मोठी आहे म्हणून घाई करू नका. तापलेले झाकण उघडू नये. दाबाखालचे पाणी उसळून तोंड-हात भाजतात. निदान अर्धा तास थांबा. मग जाड फडके धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, वाफ जाऊ द्या, नंतर काढा. तापल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेड किंवा ब्लॉक तडकतो. इंजिन निवल्यावरच पाणी हळूहळू ओता.

काट्यावर फार विसंबू नका. पाणी पार उतरले की काट्याचा सेन्सर कोरडा पडतो, आणि इंजिन तापलेले असूनही काटा खाली दिसू शकतो.

गळत्या रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची युक्ती आपल्याकडे जुनी आहे. बारीक भोक तात्पुरते बुजते, हे खरे. एम-सीलही बाहेरून तसेच काम देते. पण ही घरी पोहोचण्यापुरती सोय आहे. ती हळद बारीक नळ्यांतही बसते आणि पुढे बिनगळतीची गाडीही तापू लागते. घरी आल्यावर रेडिएटर धुऊन पक्की दुरुस्ती करावी.

पाणी कोणते?

बोअरच्या जड पाण्यातले क्षार इंजिनात थर धरतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात वापरा. कूलंटमुळे गंज थांबतो. पण एक सावधगिरी हवीच. नेहमीच्या कूलंटमधील ग्लायकॉल चवीला गोड आणि जहरी असते. सांडलेले कूलंट कुत्रे, वासरे चाटतात आणि दगावतात. ते उघड्या घमेल्यात ठेवू नका आणि थंड पेयाच्या बाटलीत तर मुळीच भरू नका. घरात पोरंबाळं असतात.

शेवटी हिशेब सभासदांनीच करावा. क्लिप आणि होजचा खर्च किरकोळ आहे. गॅस्केट उडाले की हेड उतरवणे आले, आणि गाडी ऐन हंगामात उभी राहते. तोडलेला ऊस वाटेत वाळतो, वजन घटते, साखर उताराही घटतो. तेव्हा या आठवड्यात एक रात्र गाडीखाली पुठ्ठा पसरावा आणि सकाळी तो पाहूनच पहिली खेप काढावी, ही विनंती.