नाथसागरावरचे पाहुणे

नाथषष्ठीला आपल्या बीड जिल्ह्यातून पुष्कळ माणसे पैठणला जातात. गोदावरीत आंघोळ करतात, नाथांचे दर्शन घेतात आणि एसटीने परत येतात. जवळच धरणाचा मोठा जलाशय आहे. त्याला नाथसागर म्हणतात. तिकडे थोडेच जण वळतात. आम्हीही कितीतरी वर्षे वळलो नव्हतो. एका पौषात मुद्दाम गेलो.

धरण पैठणला, मग त्याला जायकवाडी का म्हणतात? जायकवाडी हे गाव आपल्या बीड जिल्ह्यातले. धरण आधी तिथे व्हायचे होते. पुढे जागा बदलली, नाव तेवढे आपल्याकडचे राहिले! १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पाया घातला गेला. १९७६ साली इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. धरणाची भिंत सुमारे १० किलोमीटर लांब आहे. शंभराहून अधिक गावांची जमीन पाण्याखाली गेली. त्या लोकांनी घरदार सोडले, तेव्हा कुठे उजव्या कालव्याचे पाणी आपल्या गेवराई-माजलगावकडे आले.

१९८६ साली हा जलाशय पक्ष्यांचे अभयारण्य झाला. अभय म्हणजे भीती नाही. जिथे प्राण्याला भीती नाही ते अभयारण्य. इथे झाडी थोडी आणि पाणी फार, तरी शब्द तोच. मराठवाड्यात राष्ट्रीय उद्यान एकही नाही, पण हे अभयारण्य आहे.

दिवाळीनंतर इथे दूरदूरचे पक्षी येतात. एका नावाड्याला आम्ही विचारले, "बाबा, ही पाखरं कुठली?"

तो म्हणाला, "थंडी पडली की येत्यात, ऊन तापलं की जात्यात. आमच्या आज्यालाबी ठावं नव्हतं, कुठून ते."

आता ते माहीत झाले आहे. पट्टकादंब नावाचा राखी हंस घ्या. त्याच्या पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे असतात. तो तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात, मग खायचे काय? रोहित पक्षी मात्र आपल्याच देशात, कच्छच्या रणात, अंडी घालतो. उंच पाय, गुलाबी पंख. तो चोच उलटी करून चिखलपाणी गाळतो आणि बारीक जीव खातो.

पक्ष्यांना हेच तळे का आवडते? नाथसागर पसरट आहे, काठाला उथळ आहे. कालव्याला पाणी सुटले की पातळी उतरते आणि काठचा गाळ उघडा पडतो. त्यात किडे, गोगलगाई, कंद सापडतात. म्हणजे ज्या पाण्यावर आपला ऊस-गहू भिजतो, ते सुटले की पाखरांचे ताट वाढले जाते. मोठी गंमत आहे, बरं का!

पण त्याच गाळात लोक गहू, हरभरा पेरतात. एक शेतकरी आम्हाला म्हणाला, "रातच्याला हंस हरभऱ्यात उतरत्यात, शेंडे खात्यात." त्याचे खोटे नाही. हंस कोवळे पीक खातोच. ज्याचा हरभरा जातो त्याला पाहुण्याचे कौतुक कुठून असणार?

पाहायला जायचे तर सकाळी लवकर जावे. ऊन पाठीशी घ्यावे, म्हणजे रंग नीट दिसतात. पोरांनी खडे मारू नयेत, कर्णा लावू नये. थवा उगाच उठला की त्याची ताकद वाया जाते. परतीच्या वाटेवर त्याला पुन्हा हिमालय चढायचा असतो.

नाथषष्ठी फाल्गुनात येते. तोवर ऊन तापू लागते आणि थवे उत्तरेकडे निघू लागतात. तेव्हा दर्शनाची एक खेप पौष-माघात करावी.