अभिप्राय वहीतले पत्ते कुणाचे?

प्रश्न : मी चिपळूणला राहते, जलरंगात निसर्गचित्रं काढते, अधूनमधून कुणी सांगितलं तर व्यक्तिचित्रंही. पुण्याच्या बालगंधर्व कलादालनात माझी तीन प्रदर्शनं झाली. तिथल्या अभिप्राय वह्यांतून सहाशे ईमेल पत्ते जमलेत. दिवाळीत त्या सगळ्यांना नव्या चित्रांचं पत्र पाठवलं. बरीच पत्रं परत आली, काही स्पॅममध्ये गेली, आणि एका गृहस्थांनी ‘माझा पत्ता तुम्हाला कुणी दिला?’ असं रागानं विचारलं. पण त्याच पत्रामुळे बंगळुरूला दोन चित्रं गेली आणि न्यू जर्सीहून एका मराठी बाईंनी चौकशी केली, त्यामुळे हे बंद करवत नाही. भाचा म्हणतो, वीस हजार डॉक्टरांचे पत्ते तीन हजारांत मिळतात. घेऊ का? उन्हाळ्यात मुलांचे चित्रकला वर्ग घेते, त्या पालकांचेही पत्ते आहेत. यात कायद्याची किंवा कराची काही भानगड आहे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : भाच्याचं आधी निकालात काढते : घेऊ नका. त्या डॉक्टरांनी तुमचं नावही ऐकलेलं नाही. तीन हजार जातील ते जातीलच, वर तुमचा स्वतःचा ईमेल पत्ता बदनाम होईल. पत्र पाठवणाऱ्यांना गूगलचं सांगणं आहे की स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा. म्हणजे हजारात तीन. तुमच्या सहाशेंतले दोघं चिडले तरी ही रेघ ओलांडली जाते. मग ज्यांना तुमचं पत्र हवं असतं त्यांच्याकडेही ते स्पॅममध्येच पडतं.

आता वही. रागावलेल्या गृहस्थांचा मुद्दा मला पटतो. मी स्वतः एका प्रदर्शनात ‘रंगसंगती सुरेख’ एवढं लिहून खाली पत्ता दिला, तर पुढं वर्षभर मला फ्रेमच्या दुकानाच्या जाहिराती येत होत्या. माणूस अभिप्राय देतो तो चित्राला. त्याचा पत्ता त्या वहीत असतो, पण तो तुमच्या ग्राहकयादीसाठी दिलेला नसतो.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ हेच म्हणतो. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची, आणि संमती स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. ‘माझी तर कागदाची वही आहे’ असं म्हणून सुटता येत नाही, कारण कागदावरची माहिती संगणकात चढवली की तीही या कायद्याखाली येते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हायच्या आहेत. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आकड्यानं घाबरू नका, तो चिपळूणच्या चित्रकर्तीसाठी ठेवलेला नाही. पण सवय आत्ताच लावलेली बरी.

जुन्या सहाशेंना एकच पत्र पाठवा. पत्ता कुठल्या प्रदर्शनात मिळाला, महिन्यातून किती पत्रं येतील, हे साध्या मराठीत सांगा आणि ‘हो, पाठवा’ असं उत्तर मागा. जे उत्तर देणार नाहीत त्यांची नावं काढून टाका. यादी आटेल, मन हळहळेल. पण उरलेली माणसं तुमचं पत्र उघडणारी असतील. पुढच्या प्रदर्शनात अभिप्राय वहीशेजारी दुसरी वही ठेवा. तिच्यावर ठळक लिहा : ‘महिन्यातून एकदा नव्या चित्रांचं पत्र हवं असल्यास इथे पत्ता द्या. नको झाल्यावर एका क्लिकनं थांबवता येईल.’ हे शेवटचं वाक्य शोभेचं नाही. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं, असं कायदाच सांगतो.

पालकांचे पत्ते वर्गाच्या कामापुरते. चित्रविक्रीच्या पत्रासाठी त्यांना वेगळं विचारा. अठरा वर्षांखालच्या विद्यार्थ्याचा पत्ता यादीत घ्यायचाच असेल तर पालकांची संमती लागते, आणि मुलांना उद्देशून जाहिराती करायला कायद्यात मनाई आहे.

यादी वाढवायची कशी, हे तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण प्रश्नाचा जीव तिथंच आहे. पत्रात निव्वळ विक्री नको. वाशिष्ठीला पूर आला की पाण्याचा रंग कसा बदलतो, एखादं चित्र तिसऱ्यांदा का फाडलं, हे लिहा. लोक असली पत्रं पुढं पाठवतात आणि नवे वाचक तिथूनच येतात. नवी चित्रं वाचकांना प्रदर्शनाच्या चार दिवस आधी दाखवा. आणि किंमत लिहा, मापासकट. ‘किमतीसाठी संपर्क साधा’ हे वाक्य मला आवडत नाही. निम्मे लोक संकोचानं विचारतच नाहीत. पत्रं जीमेलच्या बीसीसीतून पाठवू नका. चुकून पत्ते ‘टू’च्या रकान्यात गेले की सगळ्यांची माहिती सगळ्यांना मिळते. स्वतःचं डोमेन घ्या आणि न्यूजलेटर पाठवणारी एखादी सेवा वापरा.

न्यू जर्सीच्या बाई यादीत आल्या तर अमेरिकेचा २००३ चा कायदाही बघावा लागेल. व्यापारी ईमेलमध्ये पाठवणाऱ्याचा टपालाचा पत्ता हवा, विषयाची ओळ फसवी नको, आणि ‘थांबवा’ म्हटल्यावर दहा कामकाजी दिवसांत थांबवायचं. तिकडे चित्र पाठवणं म्हणजे निर्यात. तिचे नियम वेगळे आहेत, ते चित्र पेटीत भरण्याआधी सीएला विचारून घ्या.

खरी गोम बंगळुरूच्या दोन चित्रांत आहे. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. तुमच्या वर्गांची फी म्हणजे सेवा, त्यामुळे तुमच्यासाठी ती मर्यादा २० लाख. पण माल राज्याबाहेर विकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी, असा मूळ नियम आहे. हस्तकलेच्या वस्तूंना २०१८ च्या अधिसूचनेनं यातून सूट दिली आणि त्या यादीत हातानं काढलेली चित्रंही आहेत. अट अशी, की उलाढाल मर्यादेत हवी, पॅन हवा, आणि किंमत कितीही छोटी असली तरी ई-वे बिल काढायचं. बंगळुरूला पार्सल पाठवताना ते काढलं होतं का? नसेल तर सीएकडे जा. तुमची चित्रं या सवलतीत बसतात का, हेही त्यांच्याकडून लेखी घ्या. पुढं कधी चित्रांच्या छापील प्रती विकायला काढल्यात तर त्या हस्तकला नव्हेत. राज्याबाहेरची पहिली प्रत गेली की नोंदणी आलीच. नोंदणी करावी लागली तरी हातानं काढलेल्या चित्रांवरचा दर सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

राहिली व्यक्तिचित्रं. पैसे घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर १९५७ च्या कायद्यानुसार सांगणाऱ्याचा असतो, तुमचा नव्हे. कुणाच्या आजोबांचं चित्र पत्रात छापायचं असेल तर त्या घरच्यांना आधी विचारा. बहुधा हो म्हणतील, आणि पत्रात ते बघून आजीचंही मागतील.