अंगावरचा ‘कोळी’ वेळीच ओळखा



आम्ही शेतकी खात्याची माणसे. ऊस सोडून अंगावरच्या ठिपक्यांवर का लिहितो, असे कोणी म्हणेल. पण वरचे तिसरे-चौथे पान पिवळे पडले की आपण नुसते पान बघून थांबत नाही, ऊस उभा चिरतो आणि लाल कूज आहे काय ते पाहतो. कातडीवरही अशीच एक खूण उमटते आणि तिचे मूळ कधीकधी आत, यकृतात म्हणजे लिव्हरमध्ये असते.

मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका आणि त्यातून चोहोबाजूंना निघालेल्या केसासारख्या बारीक लाल रेषा. जणू पाय पसरून बसलेला कोळी. डॉक्टर याला स्पायडर अँजिओमा म्हणतात. कोळी चावण्याशी याचा काही संबंध नाही, ही फुगलेली बारीक रक्तवाहिनी आहे. तोंड, मान, छाती, दंड, हात इथे तो दिसतो, कमरेखाली क्वचितच. मधला ठिपका दाबला की लाली नाहीशी होते आणि सोडताच रक्त मधून बाहेरच्या रेषांत पसरते. उन्हाने रापलेल्या कातडीवर तो चटकन दिसत नाही, म्हणून सदरा काढून चांगल्या उजेडात घरच्यांकडून बघून घ्यावे. काट्याने टोकरू मात्र नये, रक्त येते.

एखादा ठिपका असला म्हणून घाबरू नका. धडधाकट माणसाला, लहान मुलांनाही तो असतो. गरोदरपणात उठतो नि बाळंतपणानंतर बहुधा जातो. कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांनीही येतो. पण तीन-चारांहून जास्त असतील, नव्याने वाढत असतील, जोडीला तळहात लाल, डोळे पिवळे, पायाला सूज, पोट फुगलेले किंवा पुरुषाची छाती वाढलेली असेल, तर डॉक्टरांना दाखवाच. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा बरळणे असेल तर त्याच घटकेला दवाखाना गाठावा.

यात लाज आडवी येते, ती आम्हाला जास्त घातक वाटते. ठिपके दाखवले की लोक दारुडा म्हणतील, म्हणून माणूस बाह्या खाली ओढून बसतो. दारू हे मोठे कारण खरेच (आणि मळी आपल्याच कारखान्यांतून निघते, हे आम्ही विसरलेलो नाही). पण हिपॅटायटिस बी व सी, मधुमेह, यकृतात साठलेली चरबी यांनीही यकृत बिघडते. थेंबही न घेणाऱ्याला हे होऊ शकते. पीत असाल तर किती ते डॉक्टरांना खरे सांगा. रोज भरपूर पिणाऱ्याने मनानेच एकदम बंद करू नये, त्यांच्या सल्ल्याने सोडावी.

कावीळ उतरवणाऱ्याकडे खेपा घालण्यात महिने जातात. त्यापेक्षा रक्ताची यकृत तपासणी, बी व सी ची चाचणी आणि पोटाची सोनोग्राफी करावी. 2018 सालापासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस बी व सी ची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यांतून मोफत मिळतात. सोय जवळ कुठे आहे ते प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. तोडणीची धांदल असली तरी एक दिवस काढा.